तात्यांनी मेलवर धाडलेलं मूळ

आंबवड्याच्या रखमाजी तात्यांना माझ्या दुकानात स्टूल कधी लागायचं नाही. उभ्यानंच बोलणार, उभ्यानंच चहा घेणार, आणि बसा म्हटलं की म्हणणार, "बसलं की माणूस म्हातारं व्हतं." सत्तरी गाठली तरी अंग अजून वेताच्या काठीसारखं. भोरच्या एसटी स्टँडासमोर माझं झेरॉक्स आणि कॉम्प्युटरचं दुकान आहे. सातबारा, दाखले, फोटो, ऑनलाइन फॉर्म, दिवसभर माणसं येतात आणि दिवसभर माझं तोंड चालतं. माझा नवरा म्हणतो, रत्ना, तुझ्याकडे गिऱ्हाईक कामाला नाही, बोलणी खायला येतं. येऊ दे की! काम होतंय ना? पण तात्यांच्या पुढं माझीही जीभ जरा आवरती असायची. गावात बांधाचं भांडण असो नाहीतर सोयरिकीचं, तात्या एकदा बोलले की विषय संपला. असा माणूस. आणि हाच माणूस माझ्या काउंटरला रेलून हळूच विचारायचा, "पोरी, मेल गेली का न्हाई, ते कळतं का गं?"

मेल कुणाला, तर लेकीला. सुलक्षणा तिचं नाव.

सहा-सात वर्षांपूर्वी तात्यांनी तिला भोरला आणलं ते हक्कसोडीवर सही करायला. आमच्याकडे ही रीतच पडून गेली आहे. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क लेकीनं भावाला सोडून द्यायचा, भावानं तिला एक साडी घ्यायची, आणि सगळ्यांनी मिळून हॉटेलात मिसळ खायची. जी सही देत नाही तिचं माहेर तुटलं म्हणून समजा. त्या दिवशीच्या कागदांच्या झेरॉक्स माझ्याचकडे काढल्या, म्हणून मला सगळं आठवतंय. पोरगी इंजिनीअर, पुण्याला मोठ्या कंपनीत नोकरी. तोंडातून ब्र काढला नाही. गुमान कचेरीत गेली, सही केली, बाहेर आली. मिसळ खाल्ली नाही. साडीची पिशवी माझ्या बाकड्यावर ठेवली आणि समोर लागलेल्या स्वारगेटच्या गाडीत जाऊन बसली. तात्या खिडकीपाशी गेले तेव्हा म्हणाली, "काही लागलं तर मेल करा." एवढंच. पुढं ती त्याच कंपनीकडून आयर्लंडला गेली, इकडचा मोबाईल नंबर बंद झाला, भावाचा आणि तिचा बोलायचा संबंधच उरला नाही. राहिला तो तिच्या ऑफिसचा मेलचा पत्ता.

आता तुम्ही म्हणाल, आईबापाची आठवण आली तर लेकीनं आपणहून यावं की. अहो, असं कसं येईल? आमच्याकडे लेकीला मूळ, म्हणजे माहेरचं बोलावणं, जावं लागतं. सण आला, गावची जत्रा आली की माहेरचा माणूस मुराळी म्हणून तिला न्यायला जातो. मुराळी नाही तर निदान बोलावल्याचा निरोप तरी. मूळ न येता लेक दारात उभी राहिली तर गाव विचारतं, काय भांडून आलीस काय? सासरचे विचारतात, तुला बोलावलंय कुणी? आणि जिनं सही देऊन माहेरातलं आपलं नाव पुसून टाकलं, ती तर बोलावल्याशिवाय पाऊल टाकणारच नाही. तात्यांना हे चांगलं माहीत होतं. पण आयर्लंडला कुठला मुराळी धाडणार? त्या गावाला आपली एसटी जात नाही!

तेवढ्यात भातवाल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन इंद्रायणी तांदूळ विकायची कंपनी काढली. तात्या तिचे संचालक. पुण्याच्या एका पोरानं कंपनीच्या नावानं सगळ्या संचालकांना मेलचे पत्ते काढून दिले आणि ज्याच्या त्याच्या मोबाईलवर लावून दिले. बाकीच्यांनी चार दिवसांत ते विसरून टाकलं. तात्यांनी मात्र ते घट्ट धरलं. पासवर्ड काय ठेवू, असं त्या पोरानं विचारलं तेव्हा तात्या म्हणाले होते, सुलक्षणा.

टायपिंग कुठलं येतंय त्यांना! पण मोबाईलपुढं बोललं की अक्षरं उमटतात हे कळल्यावर तात्या बांधावर उभे राहून मेल बोलायला लागले. ओरडूनच बोलायचे, लांबच्या गावाला बोलतात तसं. एकदा मधेच म्हैस पिकात शिरली, तर तिला घातलेल्या शिव्याही मोबाईलनं इमानदारीनं लिहून घेतल्या आणि तशाच गेल्या. मी हसून हसून लोळले. तात्यांचा चेहरा मात्र पडला. "तिला वाटंल, तिलाच घातल्या," म्हणाले, आणि खुलासा करायला लगोलग दुसरी मेल बोलले.

दिवाळी गेली, जत्रा गेली, पुन्हा दिवाळी गेली. उत्तर नाही. घरी धोंडाबाई, म्हणजे तात्यांची बायको, नवऱ्याशी कामापुरतंच बोलायच्या. लेकीचा विषय निघाला की ताटावरून उठायच्या. "तुमीच घालवली," एवढं एकदा म्हणाल्या होत्या आणि नंतर कधी काहीच म्हणाल्या नाहीत. हे मला तात्यांनीच सांगितलं, रस्त्याकडं बघत. त्यांना माझ्याकडं बघून सांगता आलं नाही.

यंदा जत्रेच्या महिनाभर आधी तात्यांचा मोबाईल दगडावर पडला. काच फुटली, आत काळोख. तसे धावत माझ्याकडे आले.

"पोरी, जत्रंचं मूळ धाडायचं हाय. ह्यो मेलाय."

"मोबाईल मेला म्हणून मेल कुठं मरते, तात्या? माझ्या कॉम्प्युटरवर उघडू की."

कंपनीच्या मेलचं पान उघडलं, पासवर्ड टाकला. सुलक्षणाचा पत्ता तात्यांना पाठ नव्हता, म्हणून म्हटलं जुनी एखादी पाठवलेली मेल काढू आणि त्यातून पत्ता घेऊ. सेंटच्या फोल्डरवर, म्हणजे आपण पाठवलेल्या मेल जिथं राहतात तिथं, क्लिक केलं. काही नाही. रिकामं. मी पुन्हा पान उघडलं. तरी रिकामं.

"काय झालं?" तात्यांनी विचारलं.

मी म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "तात्या, हितं तर पाठवलेली एक पण मेल दिसत नाही."

मला वाटलं, म्हातारा आता खाली बसतो. एवढे दिवस बोललेलं सगळं वाया गेलं म्हटल्यावर कुणाचीही तीच गत झाली असती. पण तात्यांचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. असं उजळलं, असं उजळलं, मी त्यांना इतक्या वर्षांत तसं बघितलं नव्हतं.

"म्हंजे गेलीच न्हाईत?"

"तसंच दिसतंय."

"एक बी न्हाई?"

"अहो, दिसतंय तेच सांगतेय मी."

"म्हंजे माझ्या लेकीला मूळच गेल्यालं न्हाई!" तात्या मोठ्यांदा म्हणाले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "मूळ गेलं न्हाई तर ती यील कशी? तिची काय चूक हाय त्यात? ती बिचारी तिकडं वाट बघत आसंल, आन् म्या हितं म्हंतोय लेकीनं तोंड फिरवलं!"

आणि तात्या स्टुलावर बसले. बसले हो! डोळ्याला टोपी लावली. मेल लावून देताना त्या पोरानं कंपनीच्या कागदावर लिहून ठेवलेला सुलक्षणाचा पत्ता तात्यांच्या पिशवीत सापडला, मग मी त्यांच्या सांगण्यावरून नवी मेल लिहिली. जत्रेला ये, आई वाट बघते, न्यायला मुंबईच्या विमानतळावर म्या स्वतः येतो. पाठवली. ती मात्र सेंटमध्ये लगेच दिसली. तात्यांनी पडद्याला बोट लावून बघितली. "ह्ये आमचं पयलं मूळ," म्हणाले, आणि स्टँडावरच्या हॉटेलातून सगळ्या दुकानाला चहा आणला.

आठवडाभर आमच्याकडे आंबवड्याच्या बातम्या येत होत्या. तात्यांनी गावभर सांगितलं, मेल पोचतच नव्हत्या, मोबाईल नादुरुस्त होता. धोंडाबाईंनी तांदळाच्या पापड्या घातल्या, लेकीला आवडतात म्हणून. सुनेला म्हणाल्या, वरची खोली झाडून घे. नवराबायको ओट्यावर बसून बोलतात म्हणे. तात्या बाजाराच्या दिवशी आले ते शेजारच्या दुकानातून मोबाईलची काच बदलून घेऊनच. पापड्यांची पिशवी माझ्या हातात दिली, मोबाईल काउंटरवर ठेवला.

"उत्तर आलं का?" मी विचारलं.

"यील. घाई काय? पयलंच मूळ हाय, रजा काढाय लागंल. तू ह्ये बघ, ह्यात काय बिघाड हाय. पुना मेली अडकाय नकोत. म्या जातो कृषीच्या कचेरीत, येतो तासाभरानं."

आता बिघाड काढायला बसले म्हटल्यावर काढणारच मी. माझा स्वभावच असा, वाकडं दिसलं की हात शिवशिवतात. काच बदलली होती, आतलं सगळं तसंच होतं. मी तात्यांच्या मोबाईलवरून माझ्याच पत्त्यावर 'चाचणी' अशी एक मेल पाठवली. पुढच्या क्षणी ती माझ्याकडे आली. पण कॉम्प्युटरवर त्यांच्या सेंटमध्ये बघितलं, तर ती तिथं नव्हती. माझ्या हातात येऊन पडलेली मेल, आणि तिकडं तिचा पत्ताच नाही.

मोबाईलच्या मेल ॲपमधला सेंटचा फोल्डर उघडला. तिथं होत्या. सगळ्या होत्या. दिवाळीच्या, जत्रेच्या, म्हशीला शिव्या घातलेली, तिच्या खुलाशाची.

बिघाड असा काही नव्हताच हो. मेल जायची ती जातच होती. गेलेल्या मेलची नक्कल कुठं ठेवायची, एवढाच घोळ होता. त्या पोरानं लावून देताना मोबाईलला सांगितलं होतं की नक्कल तुझ्यापाशीच ठेव. कॉम्प्युटरवर दिसतो तो कंपनीच्या सर्व्हरवरचा फोल्डर, तिथं मोबाईल काही टाकतच नव्हता. म्हणून हितं भरलेलं आणि तिथं रिकामं. सेटिंगमध्ये जाऊन पाठवलेल्या मेलसाठी सर्व्हरवरचा सेंट निवडला, जुन्या मेल तिकडं हलवल्या. झालं काम. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकेक मेल वर यायला लागली. एरवी मला अशा वेळी केवढा आनंद होतो! त्या दिवशी वाटलं, हे मी कशाला केलं बाई.

तरी एक आशा होती. गेल्या असतील, पण पत्ता बंद असेल, नाहीतर तिकडं कचऱ्यात पडत असतील. म्हणून मी आलेल्या मेलांत शोधलं. परत फिरून आलेली एकही नव्हती. एक मात्र सापडली, सुलक्षणाच्या पत्त्यावरून आलेली, इंग्रजीतली. सुट्टीवर जाणारी माणसं लावून ठेवतात ना, समोरच्याला आपोआप जाणारं उत्तर, तसलं. मी दोन आठवडे रजेवर आहे, परत आल्यावर तुमच्या मेलला उत्तर देईन. खाली तिचं नाव. तारीख गेल्या दिवाळीतली. तात्यांनी ती जाहिरात समजून कधी उघडलीच नव्हती. म्हणजे पत्ता चालू होता. म्हणजे रजाही निघाली होती. रजा निघाली आणि पोरगी भलतीकडं गेली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण मोबाईल माझ्या हातात, तात्या कचेरीतून यायला निघालेले, आणि आज ना उद्या त्यांनी हे पान दुसऱ्या कुणाकडे उघडलं असतंच. शिवाय खोटं बोलायला घेतलं की माझं तोंडच माझी चुगली करतं.

तात्या आले. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "लई मोठा बिघाड हाय?"

"तात्या, बसा."

बसले नाहीत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. नक्कल कुठं राहत होती ते दाखवलं, मला आलेली चाचणीची मेल दाखवली. शेवटी ती रजेची मेल वाचून दाखवली, मराठीत सांगितली. ते ऐकताना तात्या पडद्यावरच्या इंग्रजी अक्षरांकडं बघत होते.

"म्हंजे पोचली," ते म्हणाले.

"व्हय."

"समदी?"

"समदी, तात्या."

बाहेर महाडच्या गाडीचा कंडक्टर घसा फोडून ओरडत होता. मग तात्या वाकून, अगदी हळू म्हणाले, "पोरी, ह्ये परत व्हतं तसं करता यील का?"

"काय?"

"ह्या कॉम्पुटरवर रिकामं दिसत व्हतं. तसं. घरी तिनं पापड्या घातल्यात गं. काल जेवली माझ्याबरुबर."

मला रडूच यायला लागलं. आणि मला रडू यायला लागलं की राग येतो, हा माझा जुना रोग.

"करते की!" मी म्हटलं. "सेटिंगला काय, एका टिचकीचं काम. रिकामं करून देते, बसा मग त्या रिकाम्याकडं बघत! तात्या, मी सगळ्या मेल नाही वाचल्या, पण दिसायच्या तेवढ्या दिसल्या. भात कसं आलंय ते लिहिलंत. म्हैस व्यायली ते लिहिलंत. ये, ये, ये लिहिलंत. त्या सहीचं एक अक्षर तरी आहे का कुठं?"

तात्यांच्या कपाळाची शीर उभी राहिली. दुसरं कुणी असतं तर काठीच उचलली असती. पण माझं सुटलं ते सुटलं.

"मी वरवे गावची. माझ्या माहेरी हायवेला लागून जमीन आहे. ह्याच कचेरीत मी पण सही दिलीय. दर वर्षी मला मूळ येतं. मी जाते, पुरणपोळी खाते, भावजयीनं दिलेलं डाळतांदूळ घेऊन परत येते. कधी कुणाला वाकडं बोलले नाही. पण दर वर्षी तो उंबरा ओलांडताना मला वाटायचं, आज तरी बाबा म्हणतील. काहीतरी म्हणतील. नुसतं एवढं म्हटलं तरी पुरे, की रत्ना, तुला वाईट वाटलं असंल. नाही म्हणाले, तात्या. डोळे मिटेपर्यंत नाही म्हणाले. मी गेले तरी आत कुठंतरी मी त्या घरात पोचलेच नाही कधी. तुमची लेक माझ्यापेक्षा खरी निघाली, एवढंच. ती येतच नाही."

दुकानात कुणी नव्हतं हे एक बरं. मी पदरानं तोंड पुसलं. तात्या कधी स्टुलावर बसले ते मला कळलं नाही. हात दोन्ही गुडघ्यांवर ठेवून बसले होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, मी पण तेच म्हणत आले होते त्यांच्याबद्दल. पण त्या दिवशी तो पीळ मी माझ्या डोळ्यांदेखत सुटताना बघितला. सुटायला वेळ लागला.

"लिव," तात्या म्हणाले.

मी नवी मेल उघडली. सुलक्षणा, असं लिहिलं आणि थांबले. तात्यांचे ओठ हलत होते. बांधावर ओरडून मेल बोलणारा माणूस, त्याचा आवाज मला ऐकू येईना. मी जवळ सरकले.

"सुलक्षणा. तू सही करत व्हतीस तवा तुजा हात थरथरत व्हता." थांबले. "म्या बघितला व्हता. बघून बी म्या तुला थांबीवलं न्हाई."

मी लिहिलं. जसं बोलले तसंच लिहिलं, एक अक्षर सुधारलं नाही.

"पुढं?" मी विचारलं. "जत्रेचं लिहू?"

"नगं."

"ये म्हणून?"

"नगं. आता तिला कशाला बोलवू? तिची मर्जी." टोपी काढून परत घातली. "ह्ये तिला ठाव पायजे, बास. धाड."

धाडली. कॉम्प्युटरवर सेंटमध्ये सगळ्यात वर दिसली, आणि मोबाईल पुढं केला तर त्यातही. तात्यांनी दोन्हीकडं बघितलं. रिकामं करून दे, असं पुन्हा म्हणाले नाहीत. घरी काय सांगणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "जे हाय ते." आणि शेवटच्या गाडीची वाट न बघता मिळालेल्या टेम्पोनं गेले.

जत्रा होऊन गेली. सुलक्षणा आली नाही. धोंडाबाई पुन्हा बोलायच्या बंद झाल्या का, असं मी भीत भीत विचारलं होतं. "न्हाई," तात्या म्हणाले. "मेल वाचून दावली तिला. लई रडली. मग म्हनली, एवढं कळत व्हतं तर तवाच का न्हाई बोललासा." अजून बाजाराच्या दिवशी तात्या येतात. हल्ली आले की बसतात. मेल गेली का, हे आता विचारत नाहीत, गेली हे त्यांना माहीत आहे. मी गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून त्यांची मेल उघडते. ते पडद्याकडं बघत नाहीत, माझ्या तोंडाकडं बघतात.

"आलं का गं काय?"

"नाही आलं, तात्या."

"बरं," म्हणतात, आणि पुढची गाडी लागेपर्यंत तिथंच बसून राहतात.